तीन बाहेर, दोन आत

इनामदार मॅडम दुकानात उभ्या राहून दुसऱ्यांची पुस्तकं तपासतात. चाळत नाहीत, तपासतात. पर्समध्ये लाल बॉलपेन असतं. पुस्तकांच्या दुकानात शिरायचं, बारावीच्या जीवशास्त्राचं गाईड काढायचं, पेशीपटलाचा धडा उघडायचा आणि चूक सापडली की तिथल्या तिथे, न विकलेल्या कोऱ्या पुस्तकात, फराटा मारायचा. दुकानदार धावत आला की चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत विचारायचं, "हे विकणार होतात तुम्ही? पोरांना?"

बऱ्याच दुकानांत आता त्यांना आत घेत नाहीत. एका दुकानदाराने तर खास त्यांच्यासाठी पाटी लावली होती: 'पुस्तकांत लिहु नये. आपण प्राध्यापक असलात तरी.' मॅडमनी 'लिहु'चा उकार दीर्घ केला आणि बाहेर पडल्या.

माझी आणि त्यांची ओळख गुन्हेगार आणि फिर्यादी या नात्याने झाली. मी सुधीर खरे. नारायण पेठेत गाईडं छापणारं एक छोटं प्रकाशन आहे, तिथे मी मुद्रितं तपासतो. आयुष्य ऱ्हस्व-दीर्घात गेलं. जिना चढून कुणी आमच्याकडे रागावून येतं, तेव्हा ते बहुधा वरच्या मजल्यावरच्या क्लासवाल्याकडे आलेलं असतं आणि दार चुकलेलं असतं. त्या दिवशी मात्र दार बरोबर होतं.

पासष्टीच्या पुढची, ठेंगणी, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली एक बाई आत आली. तिने आमचं गाईड टेबलावर आपटलं आणि विचारलं, "कोण तपासतं हे?"

ऑफिसात आम्ही पाच जण होतो. चौघांनी माझ्याकडे बघितलं.

"नाव?"

"खरे."

"काय खरंय?"

"खरे. आडनाव आहे."

"आडनाव खरे, आणि छापता खोटं," त्या म्हणाल्या. पुस्तक उघडून त्यांनी एका आकृतीवर बोट ठेवलं. "हे बाण बघा. तीन सोडियम आत आणि दोन पोटॅशियम बाहेर. उलटं! तीन बाहेर, दोन आत! पेशीच्या सोडियम-पोटॅशियम पंपाचं चित्र आहे हे, तुमच्या मनाला येईल तसं काढायला रांगोळी नाही."

आमचे मालक अण्णा पुढे आले. अण्णांचा एक ठरलेला आवाज आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसासाठी तो आवाज ते तुपासारखा ठेवणीत ठेवतात. "मॅडम, आपण बसा, चहा घ्या. पुढच्या आवृत्तीत आपण नक्की..."

"पुढची आवृत्ती कधी?"

"पुढच्या जूनमध्ये."

"म्हणजे वर्षभर पोरं मेलेली पेशी शिकणार."

अण्णांनी मग आयुष्यातली एक मोठी चूक केली. ते हसून म्हणाले, "अहो मॅडम, एक बाण तर आहे."

मॅडम खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर घेतली. "तुम्ही आत्ता उभे आहात, हसताय, माझ्याकडे मूर्खासारखे बघताय, ते कशाच्या जोरावर?"

अण्णांनी नकळत भिंतीवरच्या गणपतीकडे बघितलं.

"तिकडे बघू नका, इथे बघा. तुमच्या एकेका पेशीच्या भोवती जे पटल आहे, त्यात हे प्रथिन घट्ट बसलेलं आहे. ते आतले तीन सोडियम पकडतं, तोंड फिरवतं, बाहेर सोडतं. मग बाहेरचे दोन पोटॅशियम पकडतं, परत तोंड फिरवतं, आत सोडतं. एका सेकंदात अनेकदा. तुम्ही झोपलात तरी चालू. तुम्ही जेवता, त्यातली बरीच ताकद हाच पंप खातो. म्हणून तुमची नस निरोप पोचवते, म्हणून स्नायू हलतो. उलटं केलंत की मेलात. कळलं? नाही कळलं. परत सांगते."

त्यांनी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्या वेळी अण्णा घाम पुसत म्हणाले, "शुद्धिपत्र छापतो."

"छापाल आणि गोदामात ठेवाल. चिकटवायचं. प्रत्येक प्रतीत. मी बसते."

त्या खरोखर बसल्या. तीन दिवस, डबा घेऊन. गोदामातल्या सगळ्या प्रतींत मी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एखादी चिठ्ठी तिरकी लागली की समोरून आवाज यायचा, "खरे! सरळ!" मला इतका संताप आला होता की तिसऱ्या दिवशी मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. त्यातही मला एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली, म्हणून तो दिला नाही.

अण्णा मात्र व्यवहारी माणूस. ते मला म्हणाले, "सुधीर, या बाईंना बाहेर ठेवून परवडायचं नाही. आत घेऊ. जीवशास्त्राची प्रुफं छपाईच्या आधीच त्यांना दाखवत जा. त्या कर्वेनगरला राहतात, तू वारज्याला. जाता जाता दे."

अशी मला ती शिक्षा लागली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, स्कूटर कर्वेनगरला थांबवायची आणि बोलणी खायची.

डॉक्टर रझिया इनामदार. वडील शहराच्या जुन्या भागात बुकबाइंडर होते. मॅडम लहानपणी त्यांच्या शेजारी बसून, फाटक्या पुस्तकांना खळ लावता लावता वाचायला शिकल्या. पुढे एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि उरलेला सगळा वेळ या एका प्रथिनाला दिला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारण्याची छाती पुण्यात कुणाचीही नाही. कर्वेनगरच्या या फ्लॅटआधी तीन सोसायट्यांनी त्यांना नुसतं आडनाव ऐकून हो म्हटलं होतं आणि पूर्ण नाव ऐकल्यावर फ्लॅट कालच गेला असं सांगितलं होतं. हे त्या मला सांगत होत्या तेव्हा मी गप्प बसलो, तर माझ्यावरच ओरडल्या, "गप्प काय बसता? चूक आहे की नाही? मग चूक म्हणा!"

मी म्हणालो, "चूक."

"मोठ्याने."

लोकांच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असतो, तिथे मॅडमच्या हॉलमध्ये तो पंप आहे. तुळशीबागेतून आणलेल्या मण्यांचा. हजाराहून जास्त मणी, वीस प्रकारचे, कारण प्रथिन ज्या अमिनो आम्लांचं बनतं ती वीस प्रकारची. सगळे एकाच दोऱ्यात, जनुकात लिहिलेल्या क्रमाने ओवलेले. मध्ये फोमचा एक जाड आडवा तुकडा, म्हणजे पेशीपटल. माळ त्या फोममधून दहा वेळा आरपार जाते. खाली एक मोठा गुंता, वर छोटा. सोसायटीच्या अध्यक्षांची बायको तो बघून म्हणाली होती, "अय्या, किती सुंदर तोरण! ऑर्डर घेता का?" त्यानंतर ती बाई लिफ्टमध्ये मॅडम असल्या की जिन्याने जाते.

मी पहिल्यांदा म्हणालो, "म्हणजे हा पेशीच्या भिंतीत बसतो तर."

"भिंत? तुम्ही झाड आहात का? भिंत झाडाच्या पेशीला. प्राण्याला पटल. तुम्ही कोण आहात?"

"प्राणी."

"नक्की?"

त्यांचा सगळ्यात जुना आणि मुरलेला राग 'पंप' या शब्दावर आहे. दारावर नावाची पाटी आहे, आणि त्या पंपावर काम करायच्या, एवढं सोसायटीत सगळ्यांना कुठून तरी कळलेलं आहे. पाण्याची मोटर बिघडली तशी अध्यक्षांनी दारावरची बेल वाजवली. मी तिथेच होतो. ते अत्यंत आदराने म्हणाले, "मॅडम, आपण पंपातल्या तज्ज्ञ. आपली मोटर सारखी ट्रिप होते. एकदा खाली येऊन नजर टाकता का?"

मॅडमनी त्यांना आत बोलावलं. अध्यक्ष खुशीत बसले. पाऊण तासाने ते बाहेर पडले तेव्हा त्यांना प्रथिनाची घडी कशी पडते ते माहीत झालं होतं आणि टाकीत पाणी नव्हतं ते नव्हतंच. जाताना मॅडम त्यांना म्हणाल्या, "तुमचा पंप बंद पडला तर तुमची अंघोळ राहील. माझा बंद पडला तर तुम्हीच राहणार नाही. कशाची मीटिंग आधी घ्यायची, ते ठरवा."

औषधाच्या दुकानातही तेच. पुण्यात प्रत्येकाला पित्त आहे आणि प्रत्येकजण सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतो. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशा गोळ्यांच्या चार पट्ट्या मागितल्या. मॅडम मागून म्हणाल्या, "कशाला हव्यात?"

"अॅसिडिटी आहे हो."

"ती गोळी काय करते माहितेय? तुमच्या पोटात एक पंप आहे, आम्ल बनवणारा. माझ्या पंपाचा सख्खा चुलतभाऊ. तुम्ही रोज सकाळी उठून त्याचा गळा दाबता. कुणाला विचारून?"

"आपण कोण?"

"त्याच्याकडची."

ते गृहस्थ दोनच पट्ट्या घेऊन गेले. हे सगळं मी घरी सांगायचो तेव्हा माझी बायको हसायची. मी हसत नसे. आपल्यावर रोज कुणी ओरडत असेल, तर त्यात विनोद आहे हे कळायला लांब राहावं लागतं.

मग मॅडमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये प्राजक्ता राहायला आली. आयटीतली मुलगी, नवरा कामानिमित्त परदेशी, सोबत पाच वर्षांची सई. एका संध्याकाळी मी प्रुफं घेऊन जिना चढत होतो, मॅडम दुधाची पिशवी घेऊन माझ्या पुढे होत्या, आणि वरून प्राजक्ता सईला कडेवर घेऊन घाईघाईने उतरत होती. सईचा डावा हात आणि डावा पाय दोरी तुटल्यासारखे लोंबत होते. डोळे उघडे होते. ती आमच्याकडे बघत होती.

"पडली का?" मॅडमनी विचारलं.

"नाही आंटी, तिचं हे असं होतं. परवा राइट साइड होती, आज लेफ्ट. डॉक्टर म्हणतात फिट्स आहेत, पण मेडिसिनने काहीच फरक नाही. स्कूलमध्ये तर म्हणतात ती अॅक्टिंग करते. आय मीन, अटेन्शनसाठी." प्राजक्ताचा आवाज चिरकत होता. "आता परत हॉस्पिटल."

मॅडम पायरीवर थांबल्या. "झोपली की?"

"काय?"

"झोपून उठली की काय होतं?"

प्राजक्ता क्षणभर गोंधळली. "झोपून उठली की एकदम नॉर्मल असते. काही झालंच नाही अशी. म्हणूनच तर सगळ्यांना वाटतं..."

मॅडम पायरीवर बसल्या. दुधाची पिशवी हातातच. मी वाट बघत होतो की आता आवाज चढेल, आता 'कळलं? नाही कळलं' सुरू होईल. काहीच झालं नाही. प्राजक्ता उतरून गेली. मॅडमनी त्या दिवशी प्रुफं हातात घेतली आणि तशीच परत दिली. त्या धड्यात एकही लाल खूण नव्हती. मला त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली ती लढाई. मॅडमनी प्राजक्ताला सांगितलं की प्रत्येक झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. कधी सुरू झाला, कोणती बाजू, कधी झोपली, कधी उठली, सगळं लिहायचं. त्या स्वतः वही घेऊन बसल्या. गरम पाण्याने अंघोळ घातली की होतं, वाढदिवसाला जास्त नाचली की होतं, उन्हातून आली की होतं. ती वही आणि व्हिडिओ घेऊन त्या तीन डॉक्टरांकडे जाऊन भांडल्या. पहिले म्हणाले, आपण डॉक्टर आहात का? मॅडम म्हणाल्या, हो, पण गोळ्या देणारी नाही, वाचणारी. दुसऱ्यांनी घड्याळ बघितलं. तिसऱ्यांनी नर्सला बोलावलं. चौथ्या, एक तरुण बाई होत्या, लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या. त्यांनी दारं लावून सगळे व्हिडिओ बघितले आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, मी हे फक्त पुस्तकात वाचलंय. जनुकाची तपासणी करू या."

रक्त दुसऱ्या शहरात जायचं होतं. रिपोर्ट यायला आठवडे लागणार होते. मध्यंतरी शाळेने चिठ्ठी पाठवली की सई वर्गात नाटकं करते आणि तिच्यामुळे बाकीची मुलंही करू लागली आहेत.

"खरे, स्कूटर काढा," मॅडम फोनवर म्हणाल्या.

"मी कशाला?"

"मला साक्षीदार लागतो."

शाळेपर्यंत त्या मागे बसून, चुकीचा इंडिकेटर देणाऱ्या प्रत्येकावर ओरडत होत्या. मुख्याध्यापिका गोड बोलणाऱ्या होत्या. मला अण्णांची आठवण झाली. त्या म्हणाल्या, "आम्ही समजून घेतो हो. पण बघा ना, सिकरूममध्ये जाऊन तासभर झोपते आणि उठली की धावते. खरा आजार असा असतो का? मुलांना लाड हवे असतात."

मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि त्याच्या मागे पेशी काढली. बाण काढले. घाईत एक बाण वाकडा आला. "मेंदूतल्या पेशींचा पंप आहे हा. तिचा पंप बिघडला असणार. दमला की थांबतो. झोपेत परत सुरू होतो. ती झोपते म्हणून बरी होते, बरी असते म्हणून झोपते असं नाही! एवढं साधं उलटं कळत नाही तुम्हाला? पोर अर्ध्या अंगाने पडलेली असते, तिला सगळं ऐकू येत असतं, आणि तुम्ही तिच्या तोंडावर सांगता की ती खोटारडी आहे!"

"मॅडम, आवाज खाली. आपण कोण तिच्या?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"शेजारीण," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापिका हसल्या. ते हसू बघून माझं डोकं फिरलं. सबंध आयुष्यात मी कुणावर आवाज चढवलेला नाही, पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या बरोबर आहेत. आणि तुमच्या चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत." दुसरं काही सुचलं नाही. माझ्या रागाची मजल तेवढीच. पण परत येताना मॅडम रस्त्यात कुणावरही ओरडल्या नाहीत, आणि उतरताना म्हणाल्या, "सात नव्हत्या. नऊ होत्या."

रिपोर्ट आला. मॅडमचं बरोबर होतं. प्राजक्ता कागद घेऊन त्यांच्या हॉलमध्ये उभी होती, मी प्रुफं घेऊन दारात. पंप घडवणाऱ्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं होतं. एका अक्षराने एक अमिनो आम्ल बदललं होतं.

"सासूबाई म्हणतायत, आमच्याकडे असलं काही नाही, तुझ्याकडूनच आलं असणार," प्राजक्ता म्हणाली.

"कुणाकडूनही नाही. आईच्यात नाही, बापाच्यात नाही. तिच्यातच नव्याने झालेली चूक." मॅडमनी माझ्याकडे हात केला. "यांना विचार. मूळ प्रत बरोबर असते, नवीन मजकूर टाइप करताना एक अक्षर चुकतं. त्यात मूळ प्रत लिहिणाऱ्याचा काय दोष? फोन लाव सासूला. मी सांगते."

"नको आंटी." तिने डोळे पुसले. "कुठंय ते? मला दाखवाल?"

मॅडम मण्यांच्या माळेपाशी गेल्या. "हा माळेतला पंप तिच्या मेंदूतल्या पंपाचा जुळा म्हण हवं तर. जागा तीच," त्या म्हणाल्या, आणि बोटाने न मोजता, आंधळ्या माणसाने घर ओळखावं तशा थेट पोचल्या. आठशेच्या पुढचा एक मणी होता, फोमच्या आत शिरणाऱ्या धाग्यावर. त्यांनी तो दोन बोटांत धरला.

"एवढाच?" प्राजक्ता म्हणाली.

"एवढाच."

"मग तो बदलता नाही येणार?"

मॅडमनी मणी सोडला. "आज नाही. झटके कमी व्हावेत म्हणून औषध आहे. ऊन टाळायचं, दमवायचं नाही, झोपू द्यायचं. बरं करणारं काही नाही."

प्राजक्ता गेली. दार लागलं, आणि मग मॅडम फुटल्या. समोर होती ती माझी प्रुफं त्यांनी भिरकावली. "अख्खं आयुष्य! अख्खं आयुष्य मी या एका प्रथिनाशी काढलं, खरे! कोणता मणी ते डोळे मिटून सांगता येतं मला. कोणतं अक्षर ते सांगता येतं. आणि हलवता येत नाही! कशाला शिकले मी हे? बाण बरोबर काढायला?"

मी खाली बसून कागद गोळा केले. मीही चिडलो होतो, पण कुणावर चिडायचं ते कळत नव्हतं, म्हणून पानांचे क्रमांक लावत बसलो.

त्यानंतर सई शाळेतून आली की मॅडमकडेच असायची. शाळेने डॉक्टरांचं पत्र मुकाट्याने घेतलं होतं; माफी मागितली नव्हती. सई त्यांना मॅडमआजी म्हणायची. मॅडम तिच्यावरही ओरडायच्या, आणि ती उलट ओरडायची.

एका शनिवारी दुपारी मी गेलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. प्राजक्ता ऑफिसला गेली होती. पडदे ओढलेले, पंखा हळू. सई दिवाणावर पडली होती, डावी बाजू पूर्ण ढिली. मॅडम शेजारी स्टुलावर. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी खुर्चीच्या कडेला बसलो.

"मॅडमआजी," सईची जीभ जड झाली होती, शब्द ओढत येत होते. "खालचा अर्णव म्हणतो, मी नाटक करते."

मला वाटलं, आता अर्णवच्या घरी जायचं, स्कूटर नको, चालतच.

"नाही करत तू," मॅडम म्हणाल्या. बस, एवढंच. आणि तिला थोपटत राहिल्या. सईने डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"आमचा इक्बाल असाच होता," त्या अगदी हळू म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा. कधी हा हात जायचा, कधी तो. नजर लागली म्हणून अम्मी पाणी उतरवायची, अब्बा दवाखान्यात न्यायचे. मी सगळ्यात हुशार ना घरात. मी लक्ष ठेवलं. माझ्या लक्षात आलं की झोपून उठला की हा ठणठणीत असतो. मी सगळ्यांना सांगितलं, ढोंग करतोय. मदरशाला, शाळेला जायला नको म्हणून. एकदा तो असाच पडला होता. मी त्याच्या थोबाडीत मारली, खरे. उठतो का बघायला. त्याला हात वर करून गालसुद्धा झाकता येत नव्हता. नुसता बघत होता माझ्याकडे."

त्यांनी सईच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"पुढच्या उन्हाळ्यात ताप आला, त्यात गेला. खूप वर्षांनी, प्रयोगशाळेत, एका नियतकालिकात मी या आजाराचं वर्णन वाचलं. झोपेने बरं होणं हीच त्याची खूण, असं लिहिलं होतं. मी जे पुरावा म्हणून दाखवत फिरले होते, तेच."

मी मांडीवरच्या प्रुफांच्या कडा सरळ करत राहिलो.

"मग तो चिडला तुझ्यावर?"

आवाज दिवाणावरून आला होता. सई झोपली नव्हती. डोळे अर्धे उघडे होते.

मॅडम दचकल्या. पण थोपटणारा हात थांबला नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "झोपून उठला आणि म्हणाला, आपा, चल, खेळू."

"मग तू गेलीस?"

"नाही गेले. मी म्हटलं, बघा, उठला की नाही."

सईने यावर विचार केला. मग उजवा हात, जो चालत होता तो, उशीखालून काढला आणि मॅडमच्या मनगटावर ठेवला. "मी उठले की आपण खेळू," ती म्हणाली, आणि या वेळी खरंच झोपली.

मॅडमनी मनगट हलवलं नाही. मी प्रुफं टेबलावर ठेवली, पण निघालो नाही. त्यांनीही जा म्हटलं नाही. तासभर आम्ही दोघं एका झोपलेल्या मुलीकडे बघत बसलो.

साडेचारला सई उठली. डावा हात डोळ्यांसमोर धरून तिने बोटं उघडली, मिटली. मग ताडकन उठून बसली. "चल. काय खेळायचं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. स्टुलावरून उठून, एका हाताने दिवाण धरत, गुडघे सांभाळत त्या फरशीवर बसल्या आणि साडी नीट केली.

"मला एकही खेळ येत नाही गं," त्या म्हणाल्या. "शिकवशील?"